वाड्याची तळटीप

मुलांनो, एक कल्पना करा. डोळे मिटायची गरज नाही, उघडे ठेवूनच करा. तुमच्या शाळेत परगावचा एक पाहुणा आला. त्यानं तुम्हाला काही प्रश्न विचारले आणि तुम्ही खरीखुरी उत्तरं दिलीत. पाहुणा निघून गेला, तुम्हीही विसरून गेलात. मग दिवाळी झाल्यावर तीच उत्तरं छापायला निघालेल्या कागदावर तुमच्यापुढे आली. खाली तुमचंच नाव. उत्तरंही तुमचीच. आणि तरी सगळं मिळून ते खोटं झालेलं.

असं होऊ शकतं का? घाई नको, जरा विचार करा. पाहुण्यानं लबाडी केलेली नाही. तुम्हीही केलेली नाही.

राणीसावरगावच्या ज्ञानेश्वरीचं अगदी असंच झालं. ती सातवीत शिकते. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तेव्हा ती आपल्या काकूजवळ, छबूबाईजवळ राहते. घरची मेंढरं आहेत. ती तिचे आजोबा, येडबा, सांभाळतात. सगळं घर त्यांना आबा म्हणतं, आणि आबा घरी फार कमी असतात. का, ते पुढे कळेल.

आता पाहुण्याबद्दल सांगतो. परभणीच्या एका विधी महाविद्यालयात, म्हणजे वकिलीचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात, काही विद्यार्थी मिळून एक शोधपत्रिका चालवतात. तिचं नाव ‘बांध’. वर्षाला दोन अंक निघतात. नदीतली वाळू, आटलेल्या विहिरी, गावाची गायरानं, यांच्याबद्दल कायदा काय सांगतो आणि प्रत्यक्षात काय चालतं, याचे लेख त्यात असतात. लेख विद्यार्थीच लिहितात, एकमेकांचे तपासतात, छापखान्यात खेपाही तेच घालतात. प्राध्यापक विचारलं तर सल्ला देतात, पण अंक मुलांचा. नावाची मात्र मोठी गंमत होते. एकदा अंकांचे गठ्ठे ऑटोत ठेवताना ऑटोवाल्यानं विचारलं होतं, “बांधाच्या भांडणाचं हाय का हे? आमचं बी एक चालू हाय भावकीत. घेता का छापून?”

या ‘बांध’ची एक शिस्त आहे. लेखात काहीही लिहिलं की ते कुठून आणलं हे सांगावं लागतं. ते पानाच्या पायथ्याशी बारीक अक्षरात लिहितात. त्याला तळटीप म्हणतात. अमुक कायद्याचं अमुक कलम, अमुक सरकारी अहवाल, किंवा अमक्या माणसाची मुलाखत. आणि मुलाखत असेल तर छापण्याआधी त्या माणसाकडे पुन्हा जायचं, त्याचं बोलणं त्याला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, “हे तुम्ही म्हणालात का?” तो ‘हो’ म्हणाला तर वाक्य राहतं. ‘नाही’ म्हणाला तर वाक्य जातं. हा दुसऱ्या खेपेचा नियम संपादक सुकेशनीनं घातला होता. बाकीची मुलं कुरकुरत, कारण दुसऱ्या खेपेचं पेट्रोल ज्याचं त्यालाच घालावं लागे.

श्रावणात जीवन नावाचा विद्यार्थी राणीसावरगावच्या शाळेत आला. गावाच्या गायरानाला तारेचं कुंपण घालून आत झाडं लावावीत, अशी एक योजना पुढे आली होती. त्याबद्दल तहसीलमध्ये सुनावणी व्हायची होती, आणि जीवन त्यावरच, सुनावणीत मांडता येईल असा लेख लिहीत होता. हा त्याचा पहिलाच लेख. त्याला खरं तर गायरान बघायचं होतं. पण काळ्या मातीचा चिखल असा होता की गाडीचं चाक फिरेना. गाडी सोडून चालायला गेला, तर चप्पल चिखलात राहिली आणि पाय तेवढा वर आला. शेवटी तो शाळेच्या व्हरांड्यात बसला. गुरुजींनी ज्ञानेश्वरीला बोलावलं.

“तुमचं घर कुठं आहे?” जीवननं विचारलं.

“हितंच. मारुतीच्या पाठीमागं.”

“आणि गायरानात तुमचं काही आहे का?”

“आमचा वाडा हाय की.”

जीवनचं पेन थांबलं. “वाडा? गायरानात?”

“व्हय. आबाच्या आज्यापास्नं हाय.”

“केवढा आहे?”

“लय मोठा, दादा. दोनशेचा.”

“पक्का आहे का?”

“पक्का म्हंजी?”

“म्हणजे मजबूत. कुणी सहज आत शिरू शकतं का?”

“छ्या! लांडगा सुदिक आत येत न्हाई.”

जीवननं सगळं लिहून घेतलं. दोनशेच्या पुढे त्यानं ‘फूट’ लिहिलं. ज्ञानेश्वरी आपल्या वर्गात गेली आणि मैत्रिणींना म्हणाली, “माझं नाव पुस्तकात येणार हाय.”

चूक तुमच्या ध्यानात आली का? ज्यांच्या घरी मेंढरं आहेत त्यांना हसू फुटलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. तुम्ही-आम्ही वाडा म्हटलं की दगडी भिंती, मोठा दरवाजा, चौक असं काहीतरी डोळ्यांपुढे आणतो. मेंढरं राखणाऱ्यांचा वाडा वेगळा. रात्री मेंढरांभोवती उभी करायची जाळी, तीन दगडांची चूल, अंथरुणं, कुत्रा, दोन-चार कोंबड्या, राखणारी माणसं आणि अर्थात मेंढरं, हा सगळा मुक्काम म्हणजे वाडा. तो आज इथं असतो, आठ दिवसांनी तिथं. दोनशेचा वाडा म्हणजे दोनशे मेंढरांचा. ज्ञानेश्वरी जन्मल्यापासून हाच शब्द ऐकत आलेली. त्याला दुसरा अर्थ आहे हे तिला पुस्तकातून माहीत होतं, पण बोलताना ते कुणाच्या लक्षात राहतं? आणि जीवननं विचारलं नाही, कारण आपल्याला माहीत असलेल्या शब्दाचा अर्थ कोण विचारतो?

बरं, जीवन मनाचा चांगला. त्यानं मोठ्या कळकळीनं लिहिलं की, या कुटुंबानं कित्येक पिढ्यांपूर्वी गायरानात पक्का वाडा बांधलेला आहे. कायद्याच्या नजरेत ते अतिक्रमण असलं तरी गरिबाला तिथून उठवू नये. वाड्याखालची जागा त्यांच्या नावावर करावी. गायरानाचा बाकीचा भाग रिकामा आहे, तिथे कुंपण घालून झाडं लावायला हरकत नाही.

झाडं लावणं काही वाईट नाही. पण पावसाळ्यात शेतं पेरलेली असतात. तेव्हा मेंढरांना पाय टेकायला गावात एकच जागा उरते, ती म्हणजे गायरान. त्याला कुंपण पडलं, तर येडबांना पहिल्या पावसाळ्यातच मेंढरं विकावी लागली असती. आणि सुनावणीत मांडायचा ‘बांध’चा अंक त्या कुंपणाला हरकत नाही म्हणत होता, तेही ज्ञानेश्वरीच्या साक्षीनं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी जीवन आणि सुकेशनी दुचाकीवरून राणीसावरगावला आले. सुकेशनी मूळची वालूरची. उंच, बोलायला मोकळी. छबूबाईनं चहा टाकला. ओट्यावर बसून जीवननं तो भाग वाचला. शेवटी तळटीप आली. “मुलाखत, ज्ञानेश्वरी, इयत्ता सातवी, राणीसावरगाव.”

ज्ञानेश्वरीचे कान लाल झाले. आपलं नाव असं कागदावरून कुणी मोठ्यानं वाचलेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

“हे तू म्हणालीस का?” सुकेशनीनं विचारलं.

ती ‘हो’ म्हणणारच होती. मोठं माणूस विचारतंय तर हो म्हणावं, हीच तिची सवय. पण एक शब्द तिला टोचला.

“ताई, बांधलेला म्हणले न्हाई मी.”

“मग?”

“बसलेला.”

“म्हणजे वसलेला,” जीवन म्हणाला. “जुना, वसलेला.”

“न्हाई हो दादा. बसलेला.”

“ठीक आहे, आपण आधी जाऊन बघू,” सुकेशनी उठत म्हणाली. “मला एक फोटोही हवाय. चल, दाखव तुमचा वाडा.”

“गायरानात? तिथं न्हाई आता.”

“काय नाही?”

“वाडा.”

जीवननं चहाचा कप खाली ठेवला. “कुठं गेला?”

“उठला.”

“उठवला? कुणी उठवला? पाडला का? नोटीस दिली होती का काही?”

“कुणी न्हाई उठवला. सोयाबीन निघालं तसा उठला. आता दत्तरावांच्या रानात बसलाय, वढ्याच्या पल्याड.”

छबूबाईनं पदर तोंडावर धरला, पण खांदे हलत होते ते दिसतच होतं. “आता गं बया,” ती म्हणाली, “ह्यांनी वाड्याला भिंती घातल्या वाटतं!”

सुकेशनी आधी हसली. मग तिनं जीवनच्या हातातला कागद घेतला आणि पुन्हा वाचला. “दोनशे फूट,” ती पुटपुटली. “जीवन, दोनशे काय आहेत हे विचारलं होतंस का?”

“विचारलं नाही,” तो म्हणाला. मग ज्ञानेश्वरीकडे वळून, “दोनशे काय आहेत?”

“मेंढरं.”

“आणि लांडगा?”

“जाळीतून येत न्हाई. आमचा मोत्या हाय ना.”

तिघं निघाले. दारातून बाहेर पडताना छबूबाईनं पुतणीला बाजूला ओढलं. आता ती हसत नव्हती. “पोरी, एक सांगू? जागा नावावर करा म्हणून लिवलंय ना त्यांनी? मग असू दे की तसंच. तू कामून मोडता घालायलीस? दोन खोल्या बांधू. ह्या घरात पाय पसरायची सोय न्हाई. आन् नाव बी राहील तुझं.”

ज्ञानेश्वरीनं पायात चप्पल सरकवली. खरं सांगायचं तर तिला काकूचं पटलं होतं. निदान अर्धं पटलं होतं. घर खरोखरच अपुरं होतं. आणि शाळेत तर सगळ्यांना सांगून झालं होतं, अगदी गुरुजींनाही.

वाट गायरानातूनच जात होती. जमीन आता वाळून घट्ट झाली होती, चप्पल कुठे अडकत नव्हती. एका जागी तीन काळे दगड होते आणि भोवती लेंड्या पडलेल्या. “हितं चूल व्हती आमची,” ज्ञानेश्वरी म्हणाली. जीवन तिथे बराच वेळ उभा राहिला. त्यानं लेखात दोनशे फुटांचा वाडा उभा केला होता, तो इथेच.

ओढा ओलांडला तसा मेंढरांचा आवाज यायला लागला. दत्तरावांच्या रानात, सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या वावरात, वाडा बसला होता. बरीचशी मेंढरं चरायला गेली होती, कोकरं तेवढी जाळीत होती. येडबा जाळीचा खुंटा ठोकत होते. मोत्या भुंकत धावून आला.

“कोण म्हणायचं?” येडबांनी विचारलं.

“आबा, हे परभणीचे वकील हायत.”

“अजून झालो नाही, आजोबा,” सुकेशनी म्हणाली. “शिकतोय. आम्ही ‘बांध’वाले.”

“बांधवाले?” येडबांनी खुंटा सोडला. “म्हंजी मोजणीवाले. मग दत्तरावाकडं जा. रान त्याचं हाय, मी आपला मेंढरं बसवून खत टाकायलोय.”

“मोजणीवाले न्हाईत, आबा. वाडा बघायला आलेत.”

“वाडा?” म्हाताऱ्यानं दोघांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. “परभणीहून? वाडा बघायला?”

मग ज्ञानेश्वरीनं घडलेली हकिकत सांगितली. येडबांनी सगळं ऐकून घेतलं, चेहरा जराही हलू दिला नाही. शेवटी जाळीचं एक टोक उचललं आणि वाकून म्हणाले, “या की सरकार, हा दरवाजा. जरा खाली वाकून या, चौकट बुटकी हाय. ही माडी.” माडी म्हणजे घडी करून ठेवलेली घोंगडी. “आन् हे आमचे दिवाणजी.” दिवाणजी म्हणजे मोत्या. तो आता जीवनची चप्पल हुंगत होता.

जीवन हसला. ओट्यावरून निघाल्यापासून पहिल्यांदाच. पण हसू फार टिकलं नाही. तो घोंगडीच्या कडेला बसला आणि कागद मांडीवर ठेवला.

“सुकेशनी, यात आता काय राहिलं?” तो म्हणाला. “जागा नावावर करा म्हणे. कशाची जागा? माझी शिफारसच उभी राहत नाही. एवढ्या खेपा घातल्या मी.” मग ज्ञानेश्वरीला म्हणाला, “तू नुसतं ‘नाही’ म्हण. वाक्य काढून टाकू, तुझं नाव पण काढू. कुणाला काही त्रास नको.”

“काढल्यावर आमच्या गायरानाचं काय राहतं तुमच्या लेखात?” ज्ञानेश्वरीनं विचारलं.

जीवननं कागद पाहिला. उत्तर सुकेशनीनं दिलं. “गायरान रिकामं आहे, एवढंच राहतं.”

पाहिलंत, मुलांनो? ‘हो’ म्हटलं तर गायरानात नसलेलं घर उभं राहतं आणि बाकीच्या जमिनीला कुंपण पडतं. ‘नाही’ म्हटलं तर घरही जातं, मेंढरंही जातात, आणि सगळ्याच जमिनीला कुंपण पडतं. ज्ञानेश्वरीला हे एवढं नीट मांडता आलं नसतं. पण दोन्हीकडून अडल्यासारखं तिला वाटत होतं. ती आबांकडे गेली आणि हळूच काकूचं म्हणणं सांगितलं.

“जागा नावावर? किती?” येडबांनी विचारलं.

“वाडा बसतो तेवढी.”

“मग ह्या दत्तरावाला बी सांग म्हणावं. वाडा आज हितं बसलाय. त्याचं बी रान कर म्हणावं आमच्या नावावर.” येडबा स्वतःशीच हसले. मग त्यांनी खुंट्याला हात टेकला. “तुझ्या काकूचं चूक न्हाई. खोली पायजेच. पण खोली मागू आपण दुसरीकडं. पावसाळ्यात दोनशे मेंढरं काय खोलीत चारायची?”

मोठी माणसं कधी कधी एवढंच बोलतात आणि पुन्हा आपल्या खुंट्याकडे वळतात. पुढे काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

ज्ञानेश्वरी परत आली. “न्हाई म्हणायचं न्हाई मला,” ती म्हणाली. “हो बी म्हणायचं न्हाई. वाक्य बदला.”

“उद्या अंक छापखान्यात जायचाय,” जीवन म्हणाला.

“आज आहे ना,” सुकेशनी म्हणाली आणि खाली बसली. “बोल. वाडा म्हणजे काय? मेंढरं असं लिहू का?”

“न्हाई. मेंढरं बाजारात बी असत्यात. तिथं कुणी वाडा म्हणत न्हाई.”

“मग जाळी?”

“जाळी तर गुंडाळून ठिवल्यावर बी जाळीच की.”

“आजोबा, तुम्ही सांगा.”

“वाडा म्हंजी वाडा,” येडबा जाळीपलीकडून म्हणाले. “त्यात काय सांगायचं? लग्न झालेल्या बाईला नवरा म्हंजी काय इचारल्यावानी करायलाव तुमी.”

सगळे हसले, पण काम काही पुढे सरकेना. इथं जीवनचं शिक्षण कामाला आलं. तो बराच वेळ गवताची काडी मोडत होता. मग सावकाश बोलायला लागला. “चूक माझ्या प्रश्नातच होती. मी विचारलं, गायरानात तुमचं काही आहे का. म्हणजे उभं काय आहे. जे उभं असेल ते अतिक्रमणच. पण गायरान राखलेलं असतं ते कशासाठी? चराईसाठी. तिथं उभं काय आहे, हा प्रश्नच नाही. तिथं कोण येतं, कधी येतं, किती पिढ्या येतं, हे विचारायला पाहिजे होतं. तो वापर दाखवता आला, तर त्या जमिनीला कुणी सहज रिकामी म्हणू शकत नाही.” त्यानं पेन उघडलं. “ज्ञानेश्वरी, पुन्हा विचारतो. तुमचा वाडा गायरानात कधी येतो?”

“मिरगाच्या पेरण्या झाल्या की. रानात जागा न्हाई राहत, मग गायरानात बसतो.”

“आणि?”

“सोयाबीन निघालं की उठतो. मग ज्याला खत पायजे त्याच्या रानात. पेरणीला पुन्हा गायरानात.”

“दर वर्षी?”

“न येऊन कुठं जाईल, दादा?”

जीवन लिहीत होता. मध्येच थांबला. “वाडा हा शब्द काढू का? लोक पुन्हा घरच समजतील. मुक्काम लिहू?”

“वाडाच लिवा,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “मुक्काम तर पाव्हणे बी करत्यात. अर्थ खाली लिवा ना, त्या बारक्या अक्षरात. माझ्या नावाच्या वर.”

सुकेशनीनं जीवनकडे पाहिलं. जीवननं पानाच्या पायथ्याशी एक रेघ ओढली, आणि तिघांनी मिळून शब्द जुळवले. दोनदा खोडले. एकदा येडबांनी पलीकडून “कुत्रं राहिलं” म्हणून ओरडून सांगितलं, मग कुत्रं घातलं. शेवटी झालं ते असं:

“वाडा: मेंढरं, ती राखणारी माणसं, त्यांची जाळी, चूल आणि कुत्रं यांचा फिरता मुक्काम. वाडा बांधत नाहीत. तो पेरणीनंतर गायरानात बसतो आणि पीक निघाल्यावर तिथून उठतो.”

“आता वाचतो,” जीवन म्हणाला. त्यानं वरची वाक्यं वाचली, तळटीप वाचली, तिचं नाव वाचलं. “हे तू म्हणालीस का?”

“व्हय,” ज्ञानेश्वरी म्हणाली. या खेपेला तिनं उत्तर देण्याआधी मनात सगळं एकदा म्हणून पाहिलं होतं.

जीवननं पेनाला टोपण लावलं. सुकेशनी उठून कपडे झटकायला लागली. ऊन उतरत होतं, परभणी लांब होती, आणि जीवनला शिफारस अजून पहिल्यापासून लिहायची होती.

“पुढचं बी वाचा,” ज्ञानेश्वरी म्हणाली.

“पुढचं तुझं नाही,” जीवन म्हणाला. “तिथं तळटीप नाही. ते माझं म्हणणं आहे.”

“तरी वाचा.”

जीवननं सुकेशनीकडे पाहिलं. ती पुन्हा खाली बसली होती. मग त्यानं वाचलं, “गायरानाचा बाकीचा भाग रिकामा असून…”

“थांबा.”

तो थांबला.

“रिकामा न्हाई,” ज्ञानेश्वरी म्हणाली. मोठ्या माणसाला असं मध्येच अडवायची तिला सवय नव्हती. “वाडा गायरानाच्या ह्या अंगाला बसतो तवा त्या अंगाला आमी मेंढरं घालत न्हाई. तिथलं गवत पिकू देतो, बी पडू देतो. पुढल्या वर्साला तिकडं बसतो आन् हिकडं सोडतो. तुमाला रिकामं दिसतंय ते सोडलेलं हाय.”

वाऱ्यानं कागदाची कड फडफडली. जीवननं त्या ओळीवर आडवी रेघ मारली, टोपण पुन्हा काढलं आणि विचारलं, “मग काय लिहू?”

ज्ञानेश्वरी त्याच्या शेजारी येऊन बसली. उडणारा कागद तिनं एका हातानं दाबून धरला, आणि त्याला लिहिता येईल एवढ्या सावकाश सांगायला लागली.